वाचकांचे प्रश्न : चर्चला कुलूप लागलं, फलकावरच्या नावांचं काय?

अमेरिकेत कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा स्थानिक समुदाय) एकत्र करण्याचं सत्र वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. २००४ मध्ये बॉस्टनच्या महाधर्मप्रांताने (धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला भाग) साठहून अधिक धर्मग्राम बंद करायचं जाहीर केलं, तर पिट्सबर्ग धर्मप्रांताने २०१८ मध्ये १८८ धर्मग्रामांचे ५७ गट केले. बंद झालेली बरीच चर्चेस पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन स्थलांतरितांनी बांधलेली होती. त्यांच्या प्रवेशकक्षात दोन्ही महायुद्धांत धारातीर्थी पडलेल्या मुलांच्या नावांचे फलक असत. चर्च बंद झालं तरी जुने धर्मग्रामवासी मेमोरियल डेला, म्हणजे सेवेत मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, जमतात, नावं वाचतात, शांततेसाठी प्रार्थना करतात. अशा समुदायांत असलेल्या आपल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : आमचा धर्मग्राम शेजारच्या धर्मग्रामात विलीन झाला. चर्चला कुलूप आहे आणि इमारत विकणार असं कानावर येतंय. प्रवेशकक्षात कांस्याचा मोठा फलक आहे. तो कोणाचा? आम्ही काढून नेला तर चालेल का?
— वाचक, पश्चिम पेनसिल्व्हेनिया

परस्पर नेऊ नका. तुमच्या आजेसासऱ्यांनी त्यासाठी वर्गणी दिली असली तरी नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. धर्मग्राम विलीन होणं, चर्चची इमारत उपासनेतून काढणं आणि इमारत विकणं हे तीन वेगळे निर्णय असतात. प्रत्येकाची कारणं आणि कार्यपद्धती वेगळी असते. व्हॅटिकनने २०१३ मध्ये धर्मप्रांतांना पाठवलेल्या सूचनांत हे मुद्दाम सांगितलं आहे. धर्मग्राम विलीन करताना बिशपना धर्मगुरूंच्या मंडळाचं मत ऐकावं लागतं (चर्चची धर्मसंहिता, कलम ५१५). इमारत ‘लौकिक पण अशोभनीय नाही’ अशा वापरासाठी सोडायची तर गंभीर कारण लागतं (कलम १२२२). तुमच्या बाबतीत गाडं यांपैकी कुठवर आलंय ते धर्मप्रांताच्या चॅन्सेलरच्या (अधिकृत कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात विचारा आणि आदेशाची प्रत मागा. नुसत्या कुलपावरून काहीच सिद्ध होत नाही.

विलीनीकरणात जुन्या धर्मग्रामाची मालमत्ता आणि देणी नव्या धर्मग्रामाकडे जातात. दात्यांनी ज्या हेतूने दिलं तो हेतू मात्र जपावाच लागतो. फलक आज नव्या धर्मग्रामाच्या ताब्यात आहे, म्हणून विनंतीही तिथल्या फादरांकडेच करायची आणि प्रत चॅन्सेलरला द्यायची. ‘आमच्या भावनांचा विचार व्हावा’ एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. फलक कुठे आहे, लांबी-रुंदी किती, त्यावर किती नावं आहेत, तो कुठे बसवावा, काढण्याचा आणि बसवण्याचा खर्च कोण करणार हे सगळं लिहा आणि चार फोटो जोडा. पर्यायी जागाही सुचवा. धर्मग्रामाची दफनभूमी सहसा सगळ्यांत सोयीची, कारण चर्च विकलं तरी ती बहुधा कॅथलिक ताब्यातच राहते.

घाई कशासाठी करायची, तर अमेरिकन मालमत्ता कायद्यात भिंतीला पक्की बसवलेली वस्तू इमारतीबरोबरच विकली जाते. फलक, स्मृतिखिडक्या, घंटा यांचा विक्रीकरारात ‘वगळलेल्या वस्तू’ म्हणून उल्लेख नसेल तर सह्या झाल्यावर त्या नव्या मालकाच्या होतात. मग तो देईल तर त्याच्या मर्जीने. तेव्हा यादी करार होण्याआधी वकिलाच्या हातात पडली पाहिजे.

परवानगी मिळाली की काढण्याचं काम. साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा, एक सेंटिमीटर जाडीचा कांस्यफलक जवळपास ४७ किलो भरतो. शिडीवर चढून एकट्याने काढायची ही वस्तू नव्हे. कोपऱ्यांवरची फुलं हा बहुधा स्क्रूवरचा साज असतो. ती फिरवून काढली की खाली स्क्रू दिसतो. फुलं नसतील तर फलकाच्या पाठीला रोवलेले दांडे भिंतीत भरलेले असतात. अशा फलकाला पहार लावली की तो वाकतो किंवा मागचा दगड फुटतो. तिथे दगडकाम जाणणारा कारागीरच हवा. जुने पोलादी बोल्ट कांस्याच्या सान्निध्यात गंजून फुगतात आणि दगडाला तडा देतात. नव्या जागी कांस्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा. फलक संगमरवरी असेल तर तो आडवा धरून कधीही नेऊ नका. दोघांनी उभा, कडेवर तोलून न्यायचा आणि गाडीतही उभाच बांधायचा. आडवा ठेवलेला संगमरवर स्वतःच्याच वजनाने मधोमध मोडतो.

प्रश्न : फलकावर ३८ नावं आहेत, धर्मग्रामाच्या जुन्या स्मरणिकेत ४१ आणि एका आजींच्या वहीत ४४. खरी यादी कोणती धरायची?
— वाचक, न्यू जर्सी

बहुधा तिन्ही थोड्याथोड्या चुकीच्या असतील. नवा दगड कोरायला टाकायच्या आधी हा गुंता सोडवलाच पाहिजे. कोरलेलं अक्षर दुरुस्त करायला कोरण्यापेक्षा जास्त खर्च येतो, आणि नाव गळल्याचं घरच्यांना कार्यक्रमात उभ्या उभ्या कळावं यासारखं वाईट काही नाही.

एक तक्ता करा. प्रत्येक माणसाची एक ओळ. फलकावरचं नाव, बाप्तिस्मा नोंदीतलं नाव, सैन्यातलं नाव, सेनादल, मृत्यूची तारीख, मृत्यूचा प्रकार, दफनाची जागा, पुरावा कुठला, असे रकाने. ‘पुरावा’ हा रकाना रिकामा असेल तर ते नाव अजून पक्कं झालेलं नाही असं समजा.

पहिली गफलत नावांची होते. पोलिश धर्मग्रामात एकाच मुलाची तीन नावं सापडतील. घरी वोय्चेख, बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदीत अदालबेर्तुस आणि भरतीच्या कागदावर अल्बर्ट. स्तानिस्वाफचा स्टॅन्ली झालेला असतो. आडनावातली अक्षरं तर भरती करणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून. म्हणून नुसत्या नावावरून जुळवू नका. जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं ताडून पाहा. बंद धर्मग्रामाची बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूची पुस्तकं नव्या धर्मग्रामात किंवा धर्मप्रांताच्या संग्रहात असतात. पुस्तक हातात मिळेलच असं नाही, पण ठरावीक नोंदींचा उतारा लेखी मागता येतो. सैन्यातल्या धर्मगुरूंनी दिलेल्या संस्कारांच्या नोंदी अमेरिकेच्या सैनिकी महाधर्मप्रांताकडे असतात.

दुसरी गफलत तारखांची, आणि ती जास्त फसवी आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी पुरलेल्यांपैकी १ लाख ७० हजारांहून अधिक जणांचे अवशेष १९४७ ते १९५१ या काळात मायदेशी आणले गेले. त्यामुळे १९४४ मध्ये नॉर्मंडीत पडलेल्या मुलाची तुमच्या पुस्तकातली दफनाची तारीख १९४८ ची असते, आणि कोणीतरी तीच मृत्यूची म्हणून उतरवून घेतो. बेपत्ता झालेल्यांचं आणखी वेगळं. माणूस सापडला नाही तर सरकार कायद्याने ‘मृत मानल्याचा’ निर्णय देई, तो बहुधा बेपत्ता झाल्यापासून एक वर्ष एक दिवसाने. यादीत नावापुढे ‘एफओडी’ (फाइंडिंग ऑफ डेथ) अशी अक्षरं दिसली तर समोरची तारीख लढाईची नसून त्या निर्णयाची आहे, हे ध्यानात घ्या. ‘केआयए’ म्हणजे लढाईत ठार, ‘डीओडब्ल्यू’ म्हणजे जखमांमुळे मृत्यू, ‘डीएनबी’ म्हणजे लढाईबाहेरचं कारण.

या याद्या मिळतात कुठे? राष्ट्रीय अभिलेखागारात १९४६ मध्ये काढलेली लष्कराची मृत व बेपत्तांची यादी राज्य आणि काउंटीप्रमाणे लावलेली आहे. सुरुवात तिथून करा. नौदल, मरीन आणि तटरक्षक दलाची यादी वेगळी, राज्यवार आहे. तीत जवळच्या नातलगाचा पत्ता असल्याने माणूस तुमच्याच भागातला की नाही ते लगेच कळतं. परदेशातल्या अमेरिकन लष्करी दफनभूमीत पुरलेल्यांसाठी १९२३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशनची शोधयादी आहे.

वैयक्तिक सेवानोंद हवी असेल तर सेंट लुईसच्या राष्ट्रीय सेवानोंद केंद्राकडे एसएफ-१८० हा अर्ज करायचा. सेवा संपून ६२ वर्षं झालेल्या नोंदी कोणालाही पाहता येतात. तिथेही एक अडचण आहे. १२ जुलै १९७३ च्या आगीत तिथल्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्कराची सेवा संपलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के नोंदी गेल्या. हवाई दलाच्याही पुष्कळ गेल्या, नौदलाच्या आणि मरीनच्या वाचल्या. म्हणून ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर आलं म्हणजे तो माणूस सैन्यात नव्हता असा अर्थ काढू नका. मृतांची स्वतंत्र ‘मृत सैनिक फाइल’ असते, ती वेगळी मागा.

राहता राहिला प्रश्न कोणाला घ्यायचं याचा. १९१८ मध्ये प्रशिक्षण छावणीतच फ्लूने गेलेला मुलगा घ्यायचा का? आमचं मत स्पष्ट आहे, घ्यायचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेचे लढाईत पडले त्यापेक्षा जास्त सैनिक रोगराईने आणि इतर कारणांनी गेले, आणि त्या वेळच्या धर्मग्रामांनी आपल्या ध्वजावर त्यांच्यासाठीही मृत्यूची खूण असलेला सोनेरी तारा शिवला. युद्धाहून परतून म्हातारपणी वारलेल्यांची यादी मात्र वेगळी ठेवा. त्यांचा दिवस ११ नोव्हेंबरचा, माजी सैनिकांचा. मेमोरियल डे सेवेत मरण पावलेल्यांचा आहे. दोन्ही एकत्र केलं की यादी चारशेवर जाते आणि वाचन कोणी ऐकत नाही.

प्रश्न : मेमोरियल डेला मृतांसाठीची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मागितली तर नव्या धर्मग्रामाच्या फादरांनी ‘त्या दिवशी चालत नाही’ म्हणून सांगितलं. आमच्यावर राग आहे का?
— वाचक, कनेक्टिकट

रागाचा संबंध नाही, चर्चचं पंचांग तसं आहे. मृतांसाठीची नेहमीची मिस्सा सामान्य काळातल्या साध्या वारीच करता येते, अनिवार्य स्मृतिदिनी किंवा पुनरुत्थान काळात (ईस्टर ते पेंटेकॉस्ट हे पन्नास दिवस) नाही. आता मेमोरियल डे, म्हणजे मे महिन्याचा शेवटचा सोमवार, कुठे येतो ते पाहा. २०२५ मध्ये तो पुनरुत्थान काळात होता. २०२६ मध्ये २५ मे रोजी, पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी, ‘ख्रिस्तसभेची माता मरिया’ हा अनिवार्य स्मृतिदिन. २०२७ मध्ये ३१ मे म्हणजे मरियेच्या भेटीचा सण. २०२८ मध्ये पुन्हा पुनरुत्थान काळ. चार वर्षं ओळीने दार बंद!

पण मिस्सेचा हेतू आणि मिस्सेच्या प्रार्थना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवसाचीच मिस्सा होईल, तरी ती तुमच्या मृतांसाठी अर्पण करता येते आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्यांचा उल्लेखही होतो. मागताना ‘रेक्वियम हवी’ (म्हणजे मृतांचीच खास मिस्सा) असं न म्हणता ‘या दिवशीची मिस्सा आमच्या धर्मग्रामाच्या मृत सैनिकांसाठी अर्पण व्हावी’ असं म्हणा. रविवार असेल तर एक मिस्सा फादरांना सगळ्या धर्मग्रामवासीयांसाठी अर्पण करावीच लागते, म्हणून दुसरी वेळ मागा. सगळ्या नावांसाठी मिळून एक हेतू, एक मिस्सा, एकच देणगी पुरते. ३८ देणग्या देऊन ३८ नावं एका मिस्सेत बसवता येत नाहीत. मिस्सांची वही वर्षभर आधी भरते, तेव्हा जूनमध्येच पुढच्या मेची तारीख नोंदवा.

मृतांचीच मिस्सा हवी असेल तर त्याच आठवड्यातला मोकळा वार पाहा. २०२६ मध्ये बुधवार, २७ मे चालेल. नाहीतर २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा स्मरणदिन, आहेच. त्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा करण्याची मुभा पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ऑगस्ट १९१५ मध्ये दिली ती महायुद्ध ऐन भरात असताना, रोज हजारोंनी माणसं मरत होती तेव्हा. तुमच्या स्मरणाला याहून जवळचा दिवस शोधून सापडायचा नाही.

प्रश्न : चर्च विकलं गेलं. फादरही त्या दिवशी मिळत नाहीत. मग आम्ही काय करायचं, नुसतं जमून घरी जायचं?
— वाचक, मॅसॅच्युसेट्स

विकलेल्या इमारतीच्या पायऱ्यांवर जमू नका. ती आता दुसऱ्याची जागा आहे, आणि तिथे स्मरण बाजूला राहून चर्च बंद झाल्याचीच चर्चा सुरू होते. ते दुःख खरं आहे. तुमच्याच राज्यातल्या सिच्युएट गावातल्या धर्मग्रामवासीयांनी चर्च बंद होऊ नये म्हणून २००४ पासून अकरा वर्षांहून जास्त काळ चर्चमध्ये रात्रंदिवस पहारा दिला होता. पण मृतांच्या दिवशी तो वाद नको. दफनभूमीत जमा.

धर्मगुरू नसेल तर डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) किंवा कोणीही श्रद्धावंत शब्दविधी, म्हणजे मिस्सेविना बायबलवाचन आणि प्रार्थनांची उपासना, चालवू शकतो. साधारण ३५ मिनिटांचा असा बांधा. गीत आणि क्रुसाची खूण, ५ मिनिटं. पहिलं वाचन यशया २:१-५, म्हणजे तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याचा उतारा, किंवा ज्ञानग्रंथ ३:१-९. त्यानंतर स्तोत्र १२२ आणि मत्तय ५:१-१२, मिळून ८ मिनिटं. चार मिनिटांचं चिंतन, लिहून आणलेलं. मग नावं. एक मिनिट शांतता. श्रद्धावंतांच्या प्रार्थना आणि ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, ६ मिनिटं. पुष्पचक्र, बिगुल, समारोप.

चालवणारा सामान्य श्रद्धावंत असेल तर त्याने ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हणायचं नाही आणि हात पसरून लोकांना आशीर्वादही द्यायचा नाही. ‘प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो’ म्हणत स्वतःवर क्रुसाची खूण करायची.

नावांच्या वाचनाला सरावाची गरज असते. नाव आणि वर्ष वाचायला पाच सेकंद धरा, चाळीस नावांना साडेतीन मिनिटं लागतील. प्रत्येक नावानंतर घंटेचा टोल दिला तर सहा. पन्नासच्या वर नावं असतील तर टोल दहा-दहा नावांनंतर द्या, नाहीतर लोक नावं सोडून टोलच मोजत बसतात. वाचणाऱ्याला कागद आठवडाभर आधी द्या. अवघड आडनावांचा उच्चार घरच्यांना विचारून त्याच्याच लिपीत, तो म्हणेल तसा लिहून द्या. वाचणारे दोन असावेत, जास्त नकोत. प्रत्येक घराने आपलं नाव वाचायचं ठरवलं की माइकच्या हस्तांतरातच वीस मिनिटं जातात, आणि ज्यांच्या घरचं कोणी उरलेलं नाही ती नावं वाचायचीच राहतात.

प्रश्न : आमच्यात दोन तट आहेत. एकांना फक्त सैनिकांचा गौरव हवा, दुसऱ्यांना शांततेची प्रार्थना. शत्रूच्या मृतांचा उल्लेख तर निघायलाच नको म्हणतात.
— वाचक, ओहायो

कॅथलिक उपासनेत हा वाद फार पुढे जात नाही. मृतांसाठी प्रार्थना करताना त्यांना देवाच्या दयेवर सोपवायचं असतं, त्यांच्या पराक्रमाची यादी तिथे वाचायची नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सैनिकांना लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक म्हटलं. त्यांनी आपलं काम नीट केलं तर ते शांतता टिकवायला खरोखर हातभार लावतात, असंही म्हटलं. त्याच दस्तऐवजात शहरंच्या शहरं बेचिराख करणाऱ्या युद्धाचा धिक्कारही आहे. दोन्ही तटांना पुरेल एवढं तिथे आहे. मिस्साग्रंथात ‘शांती आणि न्यायासाठी’ आणि ‘युद्ध वा अशांततेच्या काळी’ अशा प्रार्थना तयार आहेत, त्या वापरा. स्वतः रचायला गेलं की भाषण होतं.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना पाच असाव्यात, प्रत्येकी एका वाक्याच्या. नमुना असा :

आमच्या धर्मग्रामातून गेले आणि परतले नाहीत, त्यांना तुझ्या प्रकाशात विसावा दे.
ज्यांना कबरही मिळाली नाही, त्यांची नावं तू विसरू नकोस.
ज्यांच्याशी ते लढले त्यांच्यातल्या मृतांनाही तुझी दया लाभो.
शरीरावर किंवा मनावर युद्धाच्या जखमा घेऊन जगणाऱ्यांना बरं कर.
राज्यकर्त्यांना युद्ध टाळण्याची बुद्धी दे, आणि आज बॉम्बखाली झोपणाऱ्या मुलांना उद्याची सकाळ दे.

तिसऱ्या ओळीवर कुरबुर होईल. ती गाळू नका, फक्त बैठकीत आधी वाचून दाखवा. ऐन कार्यक्रमात पहिल्यांदा कानावर पडली तर कुणाला तरी अपमान वाटतो. चालू युद्धाचं नाव घेताना कोणाचं चुकलं हा निवाडा प्रार्थनेतून करू नका. निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाला पुष्पचक्र वाहायला बोलवा, माइक देऊ नका.

प्रश्न : ध्वज, बिगुल, बंदुकीची सलामी यांचे नियम?
— वाचक, मेरीलँड

मेमोरियल डेला ध्वज दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर आणि त्यानंतर पूर्ण वर. अर्ध्यावर आणताना तो आधी झपकन टोकापर्यंत चढवायचा, मग खाली घ्यायचा. उतरवतानाही आधी टोकाला नेऊन मग खाली. कार्यक्रम सव्वाअकराला सुरू केलात तर ध्वज वर जाताना सगळे तिथेच असतात. जमणं तेव्हा शक्य नसेल तर दुपारी तीन वाजता जिथे असाल तिथे एक मिनिट थांबा. राष्ट्रीय स्मरणाच्या त्या मिनिटाचा कायदा २००० सालचा आहे.

चर्चच्या आत ध्वज वेदीजवळ न ठेवता प्रवेशकक्षात, प्रार्थनाविनंत्यांच्या वहीपाशी ठेवावा अशी अमेरिकन बिशपांच्या उपासना समितीची सूचना आहे.

बिगुलावरची ‘टॅप्स’ची धून २४ सुरांची. ती लष्कराकडून हक्काने मिळते ती दफनविधीसाठी, वार्षिक कार्यक्रमासाठी नाही. त्यासाठी अमेरिकन लीजन किंवा व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या जवळच्या शाखेला तीन महिने आधी लिहा, कारण त्या सोमवारी त्यांना दहा ठिकाणांहून बोलावणं असतं. तीन फैरींची सलामी ठेवायची असेल तर दफनभूमीची आणि पोलिसांची परवानगी घ्या आणि फैरी झडण्याआधी माइकवरून सांगा. जमलेल्यांत युद्ध पाहून आलेले असतात, अचानक आवाज झाला तर त्यांना त्रास होतो. आम्हाला विचाराल तर फैरी नसल्या तरी काही बिघडत नाही.

कबरींवरचे छोटे ध्वज दगडापासून फूटभर पुढे, एका रांगेत लावा. काढायला कोण येणार तेही त्याच दिवशी ठरवा. गवत कापणाऱ्या यंत्रात अडकून फाटलेले ध्वज हे दर वर्षीचं दृश्य. जीर्ण ध्वज लीजनच्या शाखा जमा करून घेतात.

प्रश्न : फलक काळाहिरवा पडलाय. पितळ चकचकीत करायचं पॉलिश लावावं का?
— वाचक, पश्चिम पेनसिल्व्हेनिया

अजिबात नको. पॉलिशने कांस्याचा संरक्षक थर आणि अक्षरांमागचा गडद रंग दोन्ही जातात, आणि उरलेली पावडर अक्षरांच्या खाचांत पांढरी होऊन बसते. आयनरहित सौम्य साबण शुद्ध पाण्यात, मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश, भरपूर पाण्याने धुणं, पूर्ण वाळवणं, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात आणि मऊ फडक्याने चोळणं. एवढं वर्षातून एकदा पुरतं.

दगडाचं वेगळं. आधी दगड पाण्याने भिजवा. शेवाळ असेल तर डी/२ हे जैविक डागांचं द्रावण फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, नायलॉनच्या मऊ ब्रशने खालून वर घासा आणि धुऊन टाका. डाग त्याच दिवशी गेला नाही तर पुन्हा घासू नका. पुढच्या काही आठवड्यांत तो आपसूक फिका होत जातो. ब्लीच, तारेचा ब्रश, दाबाच्या पाण्याचं यंत्र हे तिन्ही वर्ज्य. ब्लीचचे क्षार दगडात मुरतात आणि वाळताना पृष्ठभाग भुसभुशीत करतात. थंडी गोठणबिंदूजवळ असेल तर हे काम काढूच नका. झिजलेली अक्षरं वाचायला खडू किंवा दाढीचा फेस फासण्याची जुनी सवय सोडा. संध्याकाळी बाजूने तिरपी बॅटरी धरा, अक्षरं उठून दिसतात.

दगडच नसलेल्या सैनिकाच्या कबरीसाठी व्हेटरन्स अफेअर्स हे माजी सैनिकांचं सरकारी खातं विनामूल्य दगड देतं (अर्ज क्रमांक ४०-१३३०). खासगी दफनभूमीत तो बसवण्याचा खर्च मात्र आपला.

प्रश्न : वर्गणी जमा करायची तर संस्था काढावी लागेल का?
— वाचक, न्यू जर्सी

वर्षाला पाचशे-हजार डॉलरचा खर्च असेल तर संस्थेच्या भानगडीत पडू नका. नव्या धर्मग्रामाच्या हिशेबात ‘सैनिक स्मरण’ असं वेगळं खातं मागा आणि दात्यांच्या पावतीवर तोच हेतू लिहून घ्या. फलक हलवणं, नवा दगड असं मोठं काम असेल तर करमुक्त संस्था म्हणून करकायद्याच्या ५०१(सी)(३) खाली नोंदणी करता येते. वार्षिक जमा ५० हजार डॉलर आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत असेल तर १०२३-ईझेड हा छोटा अर्ज, शुल्क २७५ डॉलर. त्यानंतर दर वर्षी ९९०-एन ही ऑनलाइन नोंद भरायची. तिला पैसे पडत नाहीत, म्हणूनच ती विसरली जाते, आणि सलग तीन वर्षं राहिली की करसवलत आपोआप रद्द होते. नावात ‘कॅथलिक’ घालायचं तर बिशपांची संमती लागते (धर्मसंहिता, कलम ३००). ‘अमुक धर्मग्रामाचे माजी सदस्य’ एवढं नाव ठेवलं तर तो प्रश्न येत नाही.

खात्यावर दोन सह्या ठेवा, त्यांतली एक पन्नाशीच्या आतल्या माणसाची. नावांच्या पक्क्या तक्त्याची एक प्रत धर्मप्रांताच्या संग्रहात, एक गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्थानिक इतिहास विभागात आणि एक दफनभूमीच्या कार्यालयात द्या, आणि तिन्ही ठिकाणांहून पोच घ्या.